जावयाला किती वॉट द्यावेत

विहीणबाई,

तुम्हाला दोन्ही हात जोडून नमस्कार, आणि तुमच्या उजव्या गुडघ्याची चौकशी सगळ्यात आधी. मागच्या पत्रात मी तुमची, तुमच्या डोळ्यांतल्या थेंबांची आणि खिडकीतल्या कुंड्यांचीसुद्धा विचारपूस केली आणि गुडघा तेवढा राहून गेला, हे पत्र पेटीत टाकून झाल्यावर हिने माझ्या लक्षात आणून दिलं. (ही म्हणजे तुमच्या सुनेची आई. माझ्या चुका ती पत्र पेटीत पडल्यावरच दाखवते. आधी दाखवल्या तर दुरुस्त होतील ना.) इकडे सगळे ठणठणीत आहेत. तुमची सून पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत चांगली रुळली आहे, इतकी की आता मी नळाखाली पेला धरला तरी माझ्याकडे दयेने बघते. तुमच्या चिरंजीवांनी त्यांच्या दातांच्या लॅबमध्ये स्वतःच्या हातांनी घडवलेली माझी कवळी उत्तम बसली आहे. अडचण एकच. मी बोलायला लागलो की जावईबापू माझ्या डोळ्यांकडे न बघता दातांकडे बघतात, त्यामुळे मी जे बोलतो त्यातलं त्यांच्यापर्यंत किती पोचतं याची मला शंका आहे.

आता मुद्द्याचं. तुम्ही विचारलं होतंत की तिकडे गिटार वाजवतो ना तो, आणि मी उत्तर लिहिलं होतं, 'रोज.' विहीणबाई, ते खोटं होतं. वजनमापे खात्यात चौतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढली, बाजारातल्या भल्याभल्यांचे तराजू उचलून आणले, कुणाला पाच ग्रॅमचं खोटं पचू दिलं नाही, आणि तुम्हाला मात्र अख्खा 'रोज' बिनदिक्कत तोलून दिला. तेव्हापासून मला घास गोड लागत नाही. खरं असं आहे की लेकीची बदली झाल्यामुळे दोघं आमच्याकडे राहायला आली त्याला सात महिने झाले, आणि त्यात परवापरवापर्यंत तुमच्या मुलाने या घरात गिटार एकदाच वाजवली. एकदाच वाजवली याला कारण मी आहे.

झालं असं. ती दोघं आली त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मागच्या खोलीतून तारांचा आवाज आला. (कुणाकडून तरी उसना आणलेला छोटा स्पीकर होता, तो दुसऱ्याच दिवशी परत गेला.) मला फार आनंद झाला. आनंद झाला की माणसाने मुकाट बसावं, पण मी उठलो, खोलीत गेलो, दोन मिनिटं हात मागे बांधून उभा राहिलो आणि म्हणालो, 'तिसरी तार जरा कमी भरतेय.' विहीणबाई, तुमची शपथ, ते कौतुक होतं! आमच्या खात्यातला माणूस कौतुकही त्रुटी दाखवूनच करतो. ज्या दुकानाकडे आम्ही काहीच न बोलता पुढे जायचो, ते दुकान आमच्या दृष्टीने कामातून गेलेलं असायचं. पण हे जावईबापूंना कसं कळावं? त्यांनी 'हो का' म्हटलं, तार पिळली, आणखी दोन मिनिटं शिष्टाचार म्हणून वाजवलं, गिटार खोळीत घातली आणि खोळ कपाटामागे ठेवली. ती तिथेच राहिली. पुढे कधीतरी ते पलंगावर बसून गिटार विजेला न जोडता नुसत्याच तारा छेडायचे. तसं केलं की त्या गिटारचा आवाज शेजारच्या खोलीतसुद्धा जात नाही, आणि मी चहाचा कप घेऊन दारावरून गेलो तर तोही थांबायचा.

तुमच्याकडे होता तो मोठा अ‍ॅम्प्लिफायर इकडे येण्याआधी त्यांनी विकला, आणि 'तिकडे जागा नाही' असं तुम्हाला सांगितलं, हेही मला लेकीकडून उशिरा कळलं. जागा आहे. मी मोजली. कपाट आणि खिडकी यांच्यामध्ये एक मीटर आठ सेंटिमीटर आहे, आणि तिथे सध्या एक मोडका पंखा उभा आहे, ज्याचा या घराशी तुमच्या मुलापेक्षा काहीएक जास्त संबंध नाही. पण खरा धक्का पुढेच बसला. महिन्यापूर्वी लेक स्वयंपाकघरात हिला सांगत होती की पुढच्या तिमाहीत दातांच्या लॅबच्या जवळ एक भाड्याची खोली बघतोय. का, तर 'त्याला इथे मोकळं वाटत नाही गं, आई. कुणी काही बोलत नाही, पण नाही वाटत.' मी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होतो. कानातलं मशीन नवं आहे, फार चांगलं आहे, नको तेही ऐकू येतं. ही रात्री म्हणाली, मला काही सांगायचं नाहीये, पण कारण तुम्हीच आहात. मी म्हटलं, हो.

तेव्हा मी ठरवलं की जावईबापूंना घरात वाजवायला अ‍ॅम्प्लिफायर आणायचा, आणि तोही काचेच्या व्हॉल्व्हचा, कारण लेक म्हणाली की विकला तो तसलाच होता आणि त्याच्याशिवाय त्यांना दुसरा कुठलाच आवडत नाही. व्हॉल्व्ह म्हणजे तुमच्या-माझ्या लहानपणीच्या रेडिओत असायचे ते. बटण फिरवल्यावर रेडिओ लगेच बोलायचा नाही, आत काचेच्या बाटल्या हळूहळू लालसर व्हायच्या आणि मग कुठून तरी लांबून माणूस बोलत यायचा. मला वाटलं होतं ते प्रकरण केव्हाच संपलं. संपलं नाही, फक्त रेडिओतून निघून गिटारवाल्यांकडे राहायला गेलं.

वाद्यांचं दुकान एका तळघरात आहे, अकरा पायऱ्या खाली. मालक वयाने माझ्या धाकट्या भावाएवढे, पण पाठीवर वेणी. (नाव सांगितलं होतं, पण त्या वेळी मी वेणीकडे बघत होतो.) मी त्यांना सरळ सांगितलं, घरात वापरायला हवा आहे, व्हॉल्व्हचा हवा आहे आणि पन्नास वॉटच्या खालचा दाखवू नका. ते म्हणाले, घरात? मी म्हटलं, घरात. ते म्हणाले, घरात पाच वॉट खूप झाले, एक वॉटसुद्धा पुरतो. विहीणबाई, मला तो अपमान वाटला. आमच्या बाथरूममध्ये नऊ वॉटचा दिवा आहे. जावयाला बाथरूमच्या दिव्यापेक्षा कमी द्यायचं? उद्या तुमच्या नात्यातल्या कुणी विचारलं की सासऱ्याने काय दिलं, तर एक वॉट दिला असं सांगायचं? वेणीवाले वाद घालणारे नव्हते. त्यांनी मला स्टुलावर बसवलं, पन्नास वॉटचा एक कपाटाएवढा ठोकळा सुरू केला, कळ निम्म्यावर फिरवली आणि गिटारची एकच तार छेडली.

पुढचं मला नीट आठवत नाही. समोरच्या भिंतीवर टांगलेल्या गिटारी आपल्या आपण गाऊ लागल्या, एक गिऱ्हाईक पायरीवरूनच परत गेलं आणि माझी कवळी जागची हलली. (वरची. खालची घट्ट राहिली. जावईबापूंना सांगा, खालचीचं काम अप्रतिम झालंय.) आवाज विरल्यावर मी म्हटलं, मग हळू लावायचा. त्यावर मागच्या खोलीतून एक गृहस्थ हातात वायरींना डाग द्यायची तापलेली कावी घेऊन बाहेर आले. हे त्यांचे मेकॅनिक. त्यांना सगळे काका म्हणतात. चौकशीअंती माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान निघाले, तरी मीही काकाच म्हणतो. काका म्हणाले, मोठा हळू लावलात तर तो नुसता घुम्यासारखा बसेल. व्हॉल्व्हला थोडं काम पडल्याशिवाय तो गोड बोलत नाही. पन्नास माणसांच्या पातेल्यात एक कप चहा कशाला करता? तुमच्या घरात मोठा कधीच मोकळा होणार नाही, लहान असला तर हळू आवाजातसुद्धा मोकळा होईल. तो 'मोकळा' शब्द मी याआधी स्वयंपाकघरातून ऐकला होता. मी पुन्हा स्टुलावर बसलो आणि म्हटलं, लहान दाखवा.

इथून पुढे तीन आठवडे जे झालं त्याबद्दल मी वेणीवाल्यांची माफी मागून आलो आहे, तुमची मागायची गरज नाही, पण सांगतो. लहान अ‍ॅम्पांपैकी पहिला सुरू केला तर त्यातून घूंऽऽ असा आवाज. मी म्हटलं, हा घुमतो. वेणीवाल्यांनी कान लावला, म्हणाले, काही नाही. दुसरा सुरू केला, तो त्याहून जास्त घुमायचा. तिसरा, चौथा, सगळ्यांची तीच रड. आवाजाची कळ शून्यावर असतानाही घूं. मी मनात म्हटलं, ही तर सरळसरळ फसवणूक आहे, आणि आतला निवृत्त निरीक्षक ताडकन उठून उभा राहिला. मी वही काढली. कोणता किती घुमतो त्याचा तक्ता केला. काकांनी बिचाऱ्यांनी व्हॉल्व्ह बदलले, वायर बदलली, दुसऱ्या प्लगवर लावून बघितलं, एक अ‍ॅम्प वर रस्त्यावर नेऊन शेजारच्या चष्म्यांच्या दुकानातल्या विजेवर लावून बघितला. मी एकेकाला डोकं हलवून नापास करत होतो. वेणीवाल्यांना आता स्वतःच्याच कानांची शंका यायला लागली होती. चौथ्या खेपेला मी एक नवीनच शोध लावला. मान खाली केली की घूं वाढतो आणि मान डावीकडे वळवली की कमी होतो. हे मी मोठ्या अभिमानाने काकांना सांगितलं. काका कावी खाली ठेवून माझ्या मागे आले आणि माझ्या कानामागचं मशीनचं बटण त्यांनी एका बोटाने दाबलं. घूं बंद झाला.

विहीणबाई, त्या बटणावर फोनची सोय आहे. ते दाबलं की फोनमधला आवाज थेट कानात येतो. माणसांचं बोलणंही येतच राहतं, पण त्याशिवाय आसपासच्या विजेच्या यंत्रांच्या पोटात जी गुणगुण चाललेली असते तीही येते, आणि व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पच्या पोटात ती भरपूर असते. ही गुणगुण माणसाला ऐकू येऊ नये अशी देवाने व्यवस्था केली होती, ती मी पैसे देऊन मोडून घेतली. बटण मी कधी दाबलं हे आठवायला फार विचार करावा लागला नाही. शेवटचा फोन तुमचाच होता, गुडघ्याचा. म्हणजे तीन आठवडे मी त्याच अवस्थेत वावरत होतो. त्या काळात मी फ्रिजवाल्याला दोनदा बोलावलं होतं. शिलाई मशीनची मोटर काढून गच्चीत ठेवली होती. बैठकीच्या भिंतीतून काहीतरी घुमतंय म्हणून हिला कान लावून उभं केलं होतं आणि तिला काही ऐकू येत नाही म्हणून तिच्या कानांची काळजी करत होतो. ती आता ही हकिगत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, आणि भिंतीचा भाग आला की प्रत्यक्ष भिंतीपाशी जाऊन करून दाखवते.

वेणीवाले चिडले नाहीत, हे मला फार लागलं. चौतीस वर्षांत मी लोकांच्या काट्यांमध्ये खोट शोधली आणि माझ्या कानात काटा अडकला होता हे एका परक्या माणसाने बोटाने दाखवलं, तेही न हसता. (हसले. पण मागच्या खोलीत जाऊन.) मग काकांनीच निवड केली. दोन हातांत सहज उचलता येईल असा, दुधी रंगाचा, पुढे तीनच कळा, पाच वॉटचा, आणि मागे एक खटका, तो पाडला की पाचाचा अर्धा वॉट होतो. अर्धा, विहीणबाई! आधी एक वॉट म्हणजे मला अपमान वाटला होता, आणि आता अर्ध्याचं मी तोंड भरून कौतुक करत होतो. चार दिवस घरी नेऊन बघा, नाही पटला तर परत आणा, असं म्हणून काकांनी तो स्वतः भाजीच्या पिशवीत घालून घरी पोचवला. मी दारातच वजन करून घेतलं. पेटीवर नऊ किलो लिहिलं होतं, काट्यावर साडेनऊ भरले. मी काही बोललो नाही. ही सुधारणा नोंद करून ठेवण्यासारखी आहे.

आता तपासणी. जावईबापू आणि लेक दोघं कामावर गेल्यावर मी कपाटामागून गिटार काढली. दुसऱ्याच्या वस्तूला न विचारता हात लावला, हा गुन्हा मला मान्य आहे. गिटार गळ्यात अडकवली, अ‍ॅम्प सुरू केला, आतल्या काचा हळूहळू लालसर झाल्या (मी खाली वाकून बघत होतो आणि खरं सांगतो, आमचा रेडिओ आठवला), आणि मी वाजवायला तयार झालो. मला वाजवता येत नाही. म्हणून मी एकच तार छेडायचं ठरवलं. हिच्या हातात वही दिली आणि प्रत्येक खोलीत जाऊन उभं राहायला सांगितलं. वहीत तीन रकाने होते: 'ऐकू येतं', 'कळतं' आणि 'सोसवतं'. मी तार छेडायची आणि ओरडून विचारायचं, 'आता?' आणि तिने स्वयंपाकघरातून ओरडायचं, 'सोसवतं!' असं दोन दिवस चाललं. हिने तिसऱ्या रकान्यात मधेमधे स्वतःचे शेरे मारून ठेवले आहेत, जसं, 'जिन्यात बरं वाटतं', 'न्हाणीघरात छान', 'एकच सूर किती वेळ, पाय दुखले'. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई रात्रपाळी करून दिवसा झोपतात. दुसऱ्या दिवशी त्या गाऊनवरच खाली आल्या. मला वाटलं आता भांडण. त्या म्हणाल्या, आवाजाचा त्रास नाही हो, पण वाजवायचंच असेल तर निदान दुसरा सूर तरी घ्या, मला वर झोपेत वाटत राहतं की आता पुढचा येईल.

मंगळवारी दातांच्या लॅबमधली भट्टी बंद पडली आणि सगळ्यांना लवकर सोडलं. हे मला माहीत नव्हतं. मी बनियनवर होतो, गिटार गळ्यात होती, आणि अ‍ॅम्प फार जवळ असल्यामुळे कानातलं मशीन काढून टेबलावर ठेवलं होतं. मी तार छेडली आणि ओरडलो, 'आता?' उत्तर आलं नाही. परत छेडली, परत ओरडलो. तिसऱ्यांदा ओरडलो तेव्हा दारात तुमचे चिरंजीव उभे होते, आणि त्यांच्या मागे ही, वहीने तोंड झाकून. मशीन कानात बसवायला मला एरवी सहा सेकंद लागतात. त्या दिवशी मी एक मिनिट लावलं. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग अ‍ॅम्पकडे, मग विचारलं, 'हा कुणाचा?' मी काहीतरी उत्तर दिलं. (काय दिलं ते खाली येईलच.) ते गुडघ्यावर बसले, मागे जाऊन बघितलं, एक कळ थोडी फिरवली, माझं मनगट धरून थोडं वर केलं आणि म्हणाले, 'असं धरलं तर दुखणार नाही.' बस्स. मी गिटार त्यांच्या हातात दिली. त्यांनी दोन सूर वाजवले, 'छान आहे' म्हणाले आणि गिटार खोळीत घालून ठेवली. त्या संध्याकाळी काहीच वाजलं नाही. मी जेवलो नाही. हिला सांगितलं, पोट ठीक नाही, आणि तिने ते खरं मानल्यासारखं केलं.

बुधवारी सहा वाजता मी फिरायला निघालो. चौकात गेल्यावर लक्षात आलं की चष्मा घरी राहिला, म्हणून परत आलो, आणि मागच्या गल्लीतून येताना आमच्याच खिडकीतून गिटार ऐकू आली. मी तिथेच थांबलो. पाण्याच्या टाकीजवळ भिंतीला टेकून उभा राहिलो. जावईबापू एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत होते, मधे चुकत होते, थांबत होते, परत पहिल्यापासून घेत होते. विहीणबाई, तुम्ही हे वर्षानुवर्षं रोज ऐकलंत, तुम्हाला त्याचं विशेष वाटणार नाही. मला वाटलं. तारा कमी भरत होत्या की जास्त ते मला कळलं नाही, आणि मी शोधलंही नाही. आत गेलो तर ते थांबतील हे मला ठाऊक होतं, म्हणून गेलो नाही. गुरुवारी सहाला पुन्हा फिरायला निघालो आणि सरळ टाकीपाशी गेलो. आज शुक्रवारीही तेच. आज इस्त्रीवाल्याने कपडे घेऊन जाता जाता मला विचारलं, 'काय हो, घरात घेत नाहीत का?' मी म्हटलं, घेतात, पण मी बाहेर आहे म्हणून घरात बरं चाललंय. तो फार हळहळला आणि त्याने मला त्याच्याकडचं स्टूल आणून दिलं. आता माझी बसायची सोय झाली आहे.

तर मागच्या पत्रातला तो 'रोज' या बुधवारपासून खरा झाला आहे, एवढं कळवायला हे पत्र. मी बाहेर उभा राहतो याचं तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, हवा छान आहे. तुमचा मुलगा फार सालस आहे, विहीणबाई. या सात महिन्यांत एकदाही आवाज चढवला नाही त्याने, आणि मला त्याचा आवाज ऐकायचा होता, हे मी त्याला सांगू शकलो नाही म्हणून तुम्हाला सांगतो. गुडघ्याला तेल लावत जा. जिने शक्यतो टाळा. उत्तर सवडीने लिहा.

तुमचा,
व्याही

ता. क. – कामाचं राहिलंच. 'हा कुणाचा' या प्रश्नाला मी जे उत्तर दिलं ते असं होतं: 'तुमच्या आईंनी पाठवला.' का तसं म्हणालो मला माहीत नाही. कवळी हलली आणि शब्द बाहेर पडले. पण मी घेतला असं सांगितलं असतं तर त्यांनी तो नक्की वापरला नसता. मी त्यांना घेतलेला रेनकोट अजून पाकिटात आहे. सासऱ्याची वस्तू म्हणजे त्यांना सांभाळून परत करायची वस्तू वाटते. तेव्हा कृपा करून त्यांनी फोनवर विचारलं तर 'हो, मीच पाठवला' असं म्हणा. हे पत्र लिहायचं खरं कारण हेच आहे, बाकीचं मी वाढवलं. पाठ करून ठेवा: रंग दुधी, कळा तीन, पाच वॉट, मागे खटका.

ता. क. दुसरा, पाकीट बंद करता करता – लेक आत्ताच सांगून गेली. जावईबापूंनी तुम्हाला मंगळवारीच फोन केला होता म्हणे, आणि 'अ‍ॅम्प तू पाठवलास का' असं विचारल्यावर तुम्ही क्षणाचाही वेळ न घालवता म्हणालात, 'हो, मीच.' विहीणबाई, काहीच माहीत नसताना! मी दोन्ही हात जोडले. मग त्यांनी रंग विचारला आणि तुम्ही म्हणालात, 'काळा.' असू दे. मीही तसंच म्हटलं असतं. म्हणजे त्यांना मंगळवारपासून सगळं ठाऊक होतं, आणि माझ्या फिरण्याबद्दलही ठाऊक होतं, कारण मागच्या खिडकीतून माझं टक्कल दिसतं.

ता. क. तिसरा, पाकीट फोडून – आत्ता जावईबापू स्वतः आले होते. म्हणाले, 'बाबा, उद्यापासून टाकीपाशी बसू नका. तिथे आवाज घुमतो, नीट ऐकू येत नाही. आत या.' मी म्हटलं, बरं. मग ते दारातच घुटमळले आणि विचारलं, 'गिटार टांगायला भिंतीत एक खिळा ठोकला तर चालेल का?' भाड्याच्या खोलीचं काय झालं हे मी विचारलं नाही. जाणाऱ्या माणसाला भिंतीत खिळा कशाला लागतो? हातोडी काढून दिली आणि खणातून पाणसळही काढली, ती बुडबुड्याची पट्टी, भिंतीवर काही लावताना सरळ बसलंय का ते बघायची. त्यांनी खिळा ठोकला, गिटार अडकवली आणि वळून माझ्याकडे बघितलं, दातांकडे नाही, डोळ्यांकडे. खिळा अर्धं बोट डावीकडे गेला आहे, गिटार तिरकी लटकते, दारातूनसुद्धा दिसतं. मी पाणसळ परत खणात ठेवली आणि म्हटलं, एकदम बरोबर बसलाय.